तिसरी पायरी

रात्री साडेअकराला कार्डिफच्या वाहिनीवर
पुन्हा लागतं तेच जुनं प्रकरण.
दार आपटलं की प्लायवुडची भिंत थरथरते,
धुकं म्हणजे पडद्यामागे उकळणाऱ्या दोन किटल्या,
आणि इन्स्पेक्टर पेनहेल
तिन्ही भागांत एकाच कोटात.

खुनी भिंतीतून येतो. कुलपं तशीच, काचा शाबूत,
गालिच्यावर फक्त ओला चिखल.
गावकरी कुजबुजतात,
खाणीत गाडला गेलेला परतलाय.

एलुनेड विणकाम खाली ठेवते.
बुरख्यातला तो तिचा इडवल.
खरा सुतार; पण नटाला द्यायला पैसे उरले नव्हते,
म्हणून दिवसाला चार पौंड आणि एक सँडविच.
शिडीवरून पडल्यापासून डावा पाय ओढायचा.
दिग्दर्शक म्हणाला, असू दे,
भुताला शोभतं.

आता तो जिना चढतोय.
एक पायरी. थांबला. एक पायरी.
रात्रपाळीहून घरीही असाच यायचा, बूट हातात घेऊन,
हिची झोपमोड नको म्हणून,
आणि तिसरी पायरी दर वेळी चहाडी करायची.

पुढे पेनहेल सगळ्यांना दिवाणखान्यात जमवणार,
तारा, फॉस्फरस, चोरदरवाजा,
एकेक उलगडून सांगणार, बुरखा ओढणार,
आणि आतून निघणार
स्वान्सीहून आणलेला कुणी भाडोत्री चेहरा,
गुळगुळीत दाढीचा.

तो शेवट तिने आजवर पाहिलेला नाही.
बटण दाबते.
काचेवर पांढरा ठिपका आकसत जातो.

स्वयंपाकघरात किटली शिट्टी घालतेय.
खिडकी दिसेनाशी होईपर्यंत
ती गॅस बंद करत नाही.