मान

बस इथं, डोलोरेस, खिडकीशी. दिवा नको.
निळ्या कापडावरचा निळा दोरा दिव्यात खोटं बोलतो.
आज एवढंच शिकायचं: एक तारा वाढलाय.
वरून चिठ्ठी आली, अठ्ठेचाळीसच्या जागी एकोणपन्नास.
तू म्हणशील, त्यात काय, देऊ टाकून कोपऱ्यात.
वर्तुळाला कोपरा नसतो, पोरी.
एकाला जागा द्यायची
तर अठ्ठेचाळिसांना सरकावं लागतं.
केसभरच. पण सगळ्यांना.

फिलाडेल्फियातल्या या लष्करी कोठारात
तेवीस वर्षं भरतेय मी राष्ट्राध्यक्षांची मुद्रा.
खरी म्हणे धातूची असते, कुठल्याशा कचेरीत,
दाबली की उमटते, उचलली की काम झालं.
माझी उमटायला महिने लागतात
आणि चष्म्याचा नंबर वाढतो.

आम्हा पोर्ट रिचमंडच्या पोलिश बायकांना गरुड नवा नाही.
आईच्या पारपत्रावर झारचा होता, दोन डोक्यांचा,
दोन्हीकडे बघायचा, तरी आमचं गाव त्याला दिसलं नाही.
आणि अभ्र्याच्या आतल्या बाजूला
मावशीनं भरलेला पांढरा, एका डोक्याचा.
त्यावर झोपायचं, बोलायचं नाही.

इथलाही तेव्हा पांढराच होता.
एका पंज्यात ऑलिव्हची फांदी, दुसऱ्यात तेरा बाण,
आणि मान बाणांकडे.
का, ते कुणी विचारलं नाही.
कागदावर तशी, म्हणून कापडावर तशी.
युद्ध आलं, तरी तीच मान भरत होते,
पिसामागून पीस, तिरका टाका.
चव्वेचाळीसच्या जूनमध्ये चोचीवर होते, तार आली.
तारेवर मुद्रा नसते गं,
चिकटवलेल्या पट्ट्या असतात नुसत्या.
काझिमिएश. आम्ही काझिक म्हणायचो.
चोच पुरी केली. दोरा सुईत होता.

मग पंचेचाळीसचा ऑक्टोबर, नवा आराखडा.
गरुड तपकिरी, भोवती ताऱ्यांचं कडं,
आणि मान वळवलेली, फांदीकडे.
वॉशिंग्टनहून साहेब आले होते समजावायला,
बोटं इतकी स्वच्छ की कापडाला लागली तरी चालावीत.
म्हणाले, जुनी चूक होती,
बिरुदांच्या शास्त्रात उजवी बाजू मानाची.
मानाची.
मी मान खाली घालून ऐकलं
आणि मनात बोटं मोजली. सोळा महिने.

बघायला येणारे अजून सांगतात,
युद्ध लागलं की मान पुन्हा बाणांकडे फिरते म्हणे.
कोरियात युद्ध झालं. तुझा मामा तिथंच राहिला ना?
मान होती तशीच होती.
दोऱ्याची मान आपोआप फिरत नाही, डोलोरेस.
फिरवायला माणूस लागतो,
आणि त्याला आधी उसवावं लागतं.

उलटी कर चौकट. बघ.
इकडून सगळं उलट: डावं ते उजवं.
पण गरुड अजून फांदीकडेच बघतोय,
कारण फांदीही त्याच्याबरोबर पलीकडे गेली.
हे मला कळायला चार वर्षं लागली,
नि कळून काय करायचं, ते अजून नाही.

नाही, मी काही लपवलं नाही त्यात.
केस नाही, शर्टाचा धागा नाही, अक्षर नाही.
भिंग लावून तपासतात. आणि तपासलं नसतं,
तरी गाठ ती गाठ, तिला नाव कशाला?

डोळा सगळ्यात शेवटी. एकच दिसतो,
दुसरा पलीकडच्या बाजूला, म्हणजे कुठंच नाही.
काळा दोरा, मग पांढऱ्याचा एक टाका, एकच.
दोन घातलेस तर तो रडल्यासारखा दिसतो
आणि परत येतो.

घे पट्टी. मध्यापासून मोज.
आणि कच्चे टाके घाल, ओढले की निघतील असे.
पन्नासावा येणार म्हणतात.