माया

रीगा. नाट्यगृहाचं तळघर, फेब्रुवारी.
मदारा पोट आत ओढून उभी,
दोन दिवस नुसती काळी कॉफी,
तरी पाठीवरचे हूक भेटेनात.

"सोड," वेल्टा म्हणाली, ओठांत टाचण्या धरून.
"काय?"
"श्वास. गाणार कशानं मग?"

झगा उतरवून तिनं उलटा केला.
अस्तरावर शाईत नावं:
झिद्रा, आउस्मा, एक खोडलेलं;
शिवणीलगत जुन्या टाक्यांची भोकं,
कधी आत सरकलेली, कधी बाहेर.

"हिचं काय झालं? खोडलेलीचं?"
वेल्टानं दातानं दोरा तोडला.
"दोन बोटं माया ठेवलेली असते, पोरी.
ती वापरायची."

टाके उसवत गेले.
मदारानं पिशवीतून काळा पाव काढला,
लोणी लावलेला, कालचा.

वर घंटा झाली
तेव्हा तोंडात घास होता.