रिकाम्या जागेचा आवाज

'पायाभूत वर्ष', फीच्या पावतीवर लिहिलंय.
कॅमेरा अजून हातात देत नाहीत.
रेकॉर्डर मिळतो, सही करून,
सोमवारी परत.

सर म्हणाले, शूटिंग संपलं की
सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, एक मिनिट.
रिकाम्या जागेलाही आवाज असतो,
तो भरून आणायचा.
पुढे एडिटिंगमध्ये भोकं बुजवायला लागतो.

म्हणून हर्णैला आलो. लिलाव उठला होता.
जुलेखा चाचीला म्हटलं, एक मिनिट बोलू नकोस.
मी? बंदरावर?
हसली. पण थांबली,
टोपलीच्या काठावर हात ठेवून.

हेडफोनमध्ये बर्फाचं पाणी, थेंब थेंब.
दोर ताणला, सैल पडला.
लांब कुणाचं तरी इंजिन खोकलं.
आणि चाचीचा श्वास,
नाकात जरा अडकून सुटणारा,
जो एकोणीस वर्षं
तिच्या बडबडीखाली ऐकूच आला नव्हता.

बावन्नाव्या सेकंदाला म्हणाली,
झालं काय रे?
उरलेले बांगडे नासतील.

टेक फुकट गेला.
सरांना दुसरा दिला, मागच्या खाडीवरचा,
साठ सेकंद, स्वच्छ.

हा पुसला नाही.
लागेल कधीतरी.