तिथेच

जोल्दोश परत आला. पाच आठवड्यांत चौथ्यांदा.
ट्रक आत घेतला, हातमोजे काढले,
आणि म्हणाला, तिथेच.

तिथेच म्हणजे कॅमच्या सेन्सरपाशी.
अंगठ्याएवढा काळा तुकडा,
भोवती तेलाची ओल, ओलीवर धूळ,
धुळीवर पुन्हा तेल.

पहिल्यांदा मी रबराची रिंग बदलली.
दुसऱ्यांदा अख्खा सेन्सर.
तिसऱ्यांदा काश्गरहून अस्सल मागवला, पेटीबंद,
आणि बसवताना श्वास धरून ठेवला,
सुईत दोरा ओवताना धरतात तसा.
दरवेळी दोन-दोन तास इंजिन चालवून पाहिलं
शेगडीच्या उबेत.
एक थेंब नाही.
जोल्दोश पैसे मोजून गेला
आणि तोरुगार्तच्या घाटातून
तेल गाळत परतला.

असिलकान म्हणाली, पाहुण्यांसमोर शहाणं वागणारं
पोर दिसतंय हे.
मी हसलो नाही.

चौथ्यांदा काहीच उघडलं नाही.
स्टुलावर बसलो. चहा निवला.
बाहेर उणे एकतीस.
ट्रकच्या अंगावरचा बर्फ सुटत होता,
चाकांपाशी मळकट, बंपरखाली मळकट,
आणि इंजिनाखाली, एकाच जागी,
वेगळं थारोळं. ताकासारखं.
बोट बुडवलं. पाणीच,
पण वास तेलाचा.

वर पाहिलं तर ती नळी,
इंजिनाचा उच्छ्वास बाहेर सोडणारी.
तिच्या तोंडातलं बर्फाचं बूच
अर्धं विरघळून
माझ्या बाहीत पडलं.

एवढंच होतं.
घाटातली थंडी तिचं तोंड बांधायची,
आत कोंडलेली वाफ वाट शोधायची
आणि नेमकी सगळ्यांत मऊ रबरापाशी
तिला ती सापडायची.
मी मात्र दार लावून, शेगडी पेटवून
दरवेळी आधी पुरावा वितळवायचो
मग तपासाला लागायचो.
दुखणं घोड्याला, मलम खोगिराला.

नळी वीतभर कापून इंजिनाच्या उबेत घेतली,
जुन्या नमद्याची पट्टी गुंडाळली, तारेने आवळली.
जोल्दोशला दोन सेन्सरांचे पैसे परत दिले.
नको नको म्हणेल असं वाटलं होतं.
त्याने मोजून घेतले. पुन्हा एकदा मोजले.

काढलेले दोन्ही सेन्सर खणात आहेत,
पुसून ठेवलेत. काही बिघडलं नव्हतं त्यांचं.
हल्ली कुणाचाही ट्रक आला
की लगेच आत घेत नाही मी.
टॉर्च घेऊन खाली शिरतो, रस्त्यावरच,
पाठ गोठेपर्यंत.