तुटलेला ख

शाहूपुरीत तिसऱ्या गल्लीत छापखाना होता,
तिथं अठरा वर्षं मी खिळे जुळवले.
आता त्या जागी मोबाईलची कव्हरं मिळतात
आणि मी घरी बसून
संगणकाच्या चुका काढतो.

सायरा नदाफला दिसत नाही.
विद्यापीठात नळांचा इतिहास लिहितेय,
कुठल्या पेठेत पाणी कधी आलं, कुणाकडं उशिरा.
पहिल्या दिवशी तिनं माझ्या कानाला हेडफोन लावला,
म्हणाली, "ऐका काका, तुमचा जुना अहवाल."
यंत्र म्हणालं, चित्र.
पुढचं पान. चित्र.
एकशे बारा पानं, एकशे बारा वेळा चित्र.
कुणीतरी सभ्यपणानं
दार लावून घेत होतं.

मग अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर आणलं.
अक्षरं आली, पण कशी!
भिंत मिंत झाली, घर धर झालं,
चहाचा डाग स्वल्पविराम झाला.
दोन रकान्यांचं पान ते सरळ आडवं वाचत गेलं,
डावीकडं पटकीनं मेलेली माणसं
उजवीकडं नळजोडणीचे अर्ज करू लागली.

मी रकाने सोडवले. तक्त्यांना मथळे बांधले,
म्हणजे प्रत्येक आकड्याआधी पेठेचं नाव बोललं जाईल.
नाहीतर नुसतं सतरा, चार, शून्य, शून्य
ऐकून माणसानं करायचं काय?
उत्तरेश्वर पेठ, नळ, शून्य.
तिनं ते मागं नेऊन पुन्हा ऐकलं.
"आमचं घर तिथंच," म्हणाली.

एकोणचाळिसाव्या पानावर ती हसली.
छापलं होतं, नळाने घराघरांत सुख येईल.
यंत्र वाचत होतं,
नळाने धराधरांत सुरव येईल.
"सु-रव! बरोबरच आहे की काका.
पाण्याआधी आवाजच येतोय न्हवं,
आधी नुसता वारा, मग घसा खाकरल्यागत, मग पाणी.
राहू दे की."

राहू दे कसं?
मी भिंग घेतलं.
ख फुटलेला होता,
र आणि व यांच्यामधला सांधा झिजून गेलेला.
हा झिजका ख माझ्या ओळखीचा निघाला.
बारा पॉइंटाचा, केसमधल्या त्याच घरातला,
चिमटीत धरला की बोटाला जरा टोचायचा.
मालकांना म्हटलं होतं, नवे ख मागवा.
मालक म्हणाले, वाचणाऱ्याला कळतंय.

कळतही होतं.
डोळा मोडकंतोडकं जुळवून घेतो
आणि आपण जुळवलं हे सांगतसुद्धा नाही.
चौऱ्याहत्तर साली, रात्रपाळीला,
हा अहवाल मीच जुळवला होता.
शेवटच्या पानावर मुद्रकाचं नाव आहे.
जुळाऱ्याचं नसतं.

रवर्च, रवोदाई, रवांब, लेरवापाल,
दोनशे एकोणीस ख एकेक करून बदलले,
जसे काही मालकांनी आत्ता आणून दिले.
सुख सगळ्यात शेवटी. तिथं बोट थोडं थांबलं.
मग तेही केलं. प्रबंध आहे पोरीचा.

आता एकच चित्र उरलंय, खरोखरचं.
पान अठ्ठ्याण्णव, सार्वजनिक नळाचं उद्घाटन.
मी वर्णन लिहिलं:
सहा पुरुष, एक बाई, एक घागर. चेहरे शाईत बुडालेले.
तिनं ऐकलं आणि विचारलं,
"घागर भरलीय?"
भिंगातून बघितलं तर ठिपकेच ठिपके.
"बाईच्या उभं राहण्यावरनं काय कळतंय का बघा."

पान खिडकीशी नेलं.
कंबर किंचित डावीकडं कललेली आहे.
किंवा त्या रात्री ब्लॉकच तिरका बसला असेल,
घाईत होतो आम्ही.
दोन्ही लिहितो.