बारोन टेकडीवरून

ब्रिज कॅमेरा म्हणतात याला. म्हणजे पूल.
ना धड खिशात मावणारा,
ना धड गळ्यात मिरवण्याजोगा.
खालच्या मजल्यावरचा फाउस्तीनो,
ज्याचं एकेक भिंग माझ्या दोन वर्षांच्या पेन्शनएवढं,
हा हातात घेतो, उलटसुलट करतो
आणि परत देतो,
दुसऱ्याचं ओलं तान्हं परत द्यावं तसा.

चालेल मला.

सदतीस वर्षं बंदरात क्रेन चालवली मी,
काचेच्या खोलीत, पाण्यावर टांगलेला.
खाली माणसं नव्हती, पिवळ्या टोप्या होत्या.
एक टोपी हात वर करायची, मी कंटेनर उचलायचो.
हात आडवा, मी थांबायचो.
निवृत्तीच्या जेवणाला शेजारी एक टकला गृहस्थ बसला.
मी त्याच्याकडे मीठ मागितलं, हवेबद्दल बोललो.
उठताना म्हणाला, मी बेलिसारियो.
अठरा वर्षं खालून हात वर करणारा तो मी.

त्यानंतर मुलीने अंतोफगास्ताहून हा धाडला.

गच्चीच्या कठड्यावर राजम्याची पिशवी,
तिच्यावर हा.
बटणाची दांडी ढकलली की नळी पुढे सरकते,
कासवाची मान निघावी तशी, कुरकुरत.
शेवटच्या टोकाला पोचलं की माझीच नाडी दिसते:
जहाज जागच्या जागी, थरथरतो तो मी.
दोन ठोक्यांच्या मधे दाबायचं.
तेवढी जागा असते.

अकरानंतर काही खरं नाही.
हवाच उकळायला लागते, तिच्यापुढे कुठलंही भिंग आंधळं.
संध्याकाळी फोटोत रवा पडतो.
आणि चंद्र, मी चौकटीत बसवेपर्यंत निसटलेला असतो;
पृथ्वी फिरते हे शाळेत नुसतं घोकलं होतं,
खांद्याला आता कळलं.

नऊ दिवस एक जहाज नांगरून होतं, धक्क्याची वाट बघत.
पोटावरचं जुनं नाव रंगाखालून उमटलेलं,
वाचता येईल न येईल असं.
दहाव्या सकाळी मागच्या डेकवर एक खलाशी
दुसऱ्याचे केस कापत होता.
बादलीवर बसलेला, गळ्याभोवती निळं प्लास्टिक,
डोळे घट्ट मिटलेले,
कानामागे कात्री आली की खांदा वर.
चार किलोमीटरवर एका माणसाला गुदगुल्या होत होत्या
आणि मला दिसत होत्या.

एर्सिलिया आतून: राजमा भिजत घालायचाय.
थांब, म्हटलं.

कापून झाले. त्याने डोळे उघडले,
आरसा धरला, मान वळवली,
मग हात वर केला. सरळ, तळवा उघडा.
बास म्हणाला असेल न्हाव्याला,
किंवा वारा बघितला असेल.
पण माझं बोट माझ्या आधी हललं,
सदतीस वर्षांची सवय. दांडी ढकलली गेली,
नळी उरलीसुरली पुढे धावली
आणि चौकटीत नुसतं पाणी.

जवळ जाऊन हरवलेलं जवळ शोधता येत नाही.
मागे यावं लागतं, पार मागे,
आधी अख्खा समुद्र, मग ठिपका, मग जहाज, मग डेक.
तोवर बादली उपडी पडलेली. कोणी नाही.

एक फोटो निघाला तेवढ्यात,
मी दाबल्याचं मला आठवत नाही.
तीन भाग पाणी, आणि वरच्या कडेला
चार बोटं, किंवा दोर असेल.
फाउस्तीनो म्हणाला, पुसून टाक.

मी पिशवी उचलून आत नेऊन दिली.
एर्सिलिया म्हणाली, गरम आहे ही,
मांजर झोपलं होतं का हिच्यावर?