देणगीदार: अज्ञात

मंगळवारी माझी पाळी.
किल्ली शेजारच्या खाटकाकडे असते,
दिव्याचं बटण दारामागे, हात जरा उंच करून चाचपायचं.
हीटरची एकच कांडी तापते
आणि ती गोरोन्वीच्या पायांसाठी राखीव.

काम तसं काही नाही.
छिन्न्यांवरची धूळ मऊ कुंचल्यानं झटकायची.
कोणी आलंच तर सांगायचं
की आमच्या डोंगरातून निघणाऱ्या पाट्यांना
मापाप्रमाणे नावं होती: डचेस, काउंटेस, लेडी.
लोक हसतात. मग मी सांगते
या बायांना सोलता सोलता
किती पुरुषांची फुप्फुसं भुकटीनं भरली,
तेव्हा ते बिस्किटांच्या डब्यात एखादं नाणं टाकतात.

एकतीस वर्षं मी शाळेत पोरांना जेवण वाढलं.
वाढणं आणि सांगणं यांत फार फरक नाही,
समोरच्याला किती झेपेल ते बघायचं.

तिसऱ्या कपाटात, काचेखाली, ते कार्ड.
तळहाताएवढं. चार कोपऱ्यांना टाचण्यांची चार भोकं.
वेल्शमध्ये छापलेलं:
या घरात फितूर नाही.

संप तीन वर्षं चालला.
ब्लाएन-इ-गार्थच्या खिडकीखिडकीत हे कार्ड होतं,
आणि ज्या खिडकीतून ते एका सकाळी उतरलं
त्या घराचं नाव गावानं घेणं सोडलं.
चॅपेलमध्ये त्यांच्या बाकावर कोणी बसेना.
दुकानदार सुटे पैसे हातावर न देता फळीवर टाकी.
वाळीत टाकणं म्हणजे आरडाओरडा नसतो.
फळीवर वाजणारं नाणं असतं.

सहलीची मुलं विचारतात, हे कुणाच्या घरातलं?
मी नोंदवहीतलं वाचून दाखवते:
क्रमांक दोनशे चौदा. देणगीदार: अज्ञात.

अज्ञात म्हणजे मी.
नऊ वर्षांपूर्वी पाकिटात घालून
दाराच्या फटीतून आत सरकवलं,
आणि महिन्याभरानं येऊन विचारलं,
इथं मदतीला कोणी हवंय का?

आमच्याकडे ते खणाच्या तळाशी, कागदाखाली होतं.
पणजोबांनी ते फाडलं नाही, जाळलं नाही.
एक मूल गेलं होतं, दुसऱ्याचे डोळे खोल.
त्यांनी एकेक करून टाचण्या काढल्या
आणि अंधारातच डबा घेऊन खाणीची वाट धरली.

गोरोन्वीचे पणजोबा शेवटपर्यंत बाहेर राहिले.
त्यांचा फोटो भिंतीवर आहे.
त्याची काच मीच पुसते.

आज नव्या पाट्या करायचं ठरलं.
वस्तूमागे चाळीस शब्द, जास्त नाही.
कार्डाची पाटी कोण लिहिणार, मी विचारलं.
गोरोन्वी चष्मा पुसत होता.
‘तू,’ म्हणाला. ‘तुमच्याच घरातलं ना ते.’
आणि मी काही बोलायच्या आत,
‘पाकिटावरचं अक्षर. आज जेवायला काय,
ते शाळेच्या फळ्यावर रोज कोण लिहायचं?
म्हटलं, सांगेल मेरेरिद, कधीतरी.’
मग पायानंच त्यानं हीटर
थोडासा माझ्याकडे वळवला.

पाटीच्या गावात वाढलेल्याला ठाऊक असतं:
ओलं बोट फिरवलं की पाटी कोरी दिसते,
वाळली की अक्षर पुन्हा वर येतं.

इथं शाईला बंदी. पेन्सिलच.
मी ‘अज्ञात’ खोडलं, ते पुसटसं राहिलंच,
त्यावरच लिहिलं: इद्वाल प्रिचर्ड, खाणकामगार, यांची पणती.
हात कापला नाही. कापेल वाटलं होतं.

बाहेर एक बस थांबून निघून गेली, कोणी उतरलं नाही.
गोरोन्वीनं चहा ठेवला.
कार्डाच्या पाटीचे सत्तावीस शब्द झालेत.
उरलेल्या तेरांत एवढंच बसवायचंय
की त्या चार टाचण्याही
त्यांनी जपून ठेवल्या होत्या.